हेडमध्ये वाचलेले पेट्रोल जाते कुठे?

इंजिनाचे बोल्ट सोडवून सिलिंडर हेड काढले आणि पालथे करून बाकावर ठेवले, की प्रत्येक सिलिंडरसमोर पसरट वाटीएवढा एक खळगा दिसतो. त्यात व्हॉल्व्हच्या दोन किंवा चार चकत्या असतात, प्लगचे एक भोक असते आणि भोवती गॅस्केटची खूण उमटलेला सपाट काठ असतो. गाडीत जळणारा पेट्रोलचा थेंब न् थेंब याच खळग्यात जळतो. त्यामुळे पेट्रोल वाचवू पाहणाऱ्यांची नजर शंभर वर्षे इथेच खिळली, यात नवल नाही. कुणी खळग्याचा आकार बदलला, कुणी दुसरा प्लग बसवला, कुणी शेजारी आणखी एक छोटा खळगा कोरला, कुणी काठावर चऱ्या पाडल्या. यातले बरेच प्रयोग खरोखर यशस्वी झाले. तरीही त्यांचा इतिहास ‘हेड सुधारले, ॲव्हरेज वाढले’ इतका सरळ नाही. हेडमधली सुधारणा स्वतः फारसे पेट्रोल वाचवत नाही. ती इंजिनाला एक मुभा मिळवून देते: मिश्रण जास्त दाबण्याची किंवा जास्त पातळ करण्याची. ती मुभा कशावर खर्च करायची, हे ठरवतात पंपावर मिळणारे पेट्रोल, सरकारचा कायदा आणि गाडी घेणारा ग्राहक.

आधी त्या मुभेची किंमत पाहू. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर किती पटीने आक्रसते, तो कॉम्प्रेशन रेशो. ऑटोच्या चक्राचे साधे गणित सांगते की हा रेशो ४ असेल तर उष्णतेपैकी जास्तीत जास्त ४२.६ टक्के कामी येऊ शकते, ८ असेल तर ५६.५ टक्के आणि १२ असेल तर ६३ टक्के. प्रत्यक्षातले इंजिन यातला मोठा वाटा घर्षणात आणि थंड पाण्यात घालवते, पण चढण अशीच असते. पहिला टप्पा भरघोस लाभाचा, पुढचे टप्पे कंजूष. मग सगळ्यांनी पहिल्यापासून रेशो वाढवला का नाही? कारण मिश्रण जास्त दाबले की ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेट घेते आणि इंजिन ठोके देऊ लागते. गॅरेजमध्ये ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. नॉकिंग टाळायचे दोन मार्ग होते. एक, पेट्रोल बदलायचे. दुसरा, ज्योत इतक्या झपाट्याने पसरवायची की कोपऱ्यातल्या मिश्रणाला भडकायला उसंतच मिळू नये. हेडचा इतिहास या दुसऱ्या मार्गाचा आहे. पण पहिल्याशिवाय तो उलगडत नाही.

हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने १९१९च्या सुमारास दोन्ही मार्गांचा एकदम शोध घेतला. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांसाठी इंजिन घडवल्यानंतर त्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरहॅमला प्रयोगशाळा उभारली. तेथे चालू अवस्थेत कॉम्प्रेशन बदलता येईल असे एका सिलिंडरचे इंजिन बांधले आणि निरनिराळ्या तेलक्षेत्रांतली पेट्रोले किती दाब सोसतात, हे मोजून काढले. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी, ब्लॉकमध्ये असत. त्यामुळे ज्वलनकक्ष लांबट आणि सुस्त होता, ज्योतीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागे. रिकार्डोने हेडचा व्हॉल्व्हवरचा भाग खोल ठेवला आणि पिस्टनवरचा भाग इतका खाली आणला की पिस्टन वर आल्यावर मध्ये जेमतेम एक पातळ फट उरावी. पिस्टन वर येताना त्या फटीतले मिश्रण पिचकारीसारखे बाहेर फेकले जाई, खळग्यात घुसळण होई आणि ज्योत वेगाने पसरे. फटीत उरलेला पातळ थर दोन्ही बाजूंच्या धातूला लागून थंड राही, म्हणून तो भडकतही नसे. ब्लॉक तोच, पिस्टन तोच, बदलले फक्त वरचे झाकण. तेवढ्याने शेजारी व्हॉल्व्ह असलेले स्वस्त इंजिन वरच्या व्हॉल्व्हच्या महागड्या इंजिनाच्या जवळपास जाऊन बसले.

हेड बदलण्याचा धंदा मात्र इंग्लंडपेक्षा अमेरिकेत फोफावला, आणि त्याला कारण झाली फोर्डची मॉडेल टी. त्या काळी सिलिंडर आणि हेड एकसंध ओतण्याची पद्धत होती. फोर्डने १९०८ साली हेड वेगळे करून बोल्टने बसवले. दुरुस्ती सोपी व्हावी एवढाच त्याचा हेतू, पण त्याने कोणत्याही कारागिराला वरचे झाकण बदलायची वाट मोकळी करून दिली. गाडीचा रेशो चारच्या आसपास, म्हणजे सुधारणेला वाव भरपूर. विस्कॉन्सिनच्या वाउकेशा कंपनीने रिकार्डोच्या परवान्यावर मॉडेल टीसाठी हेड विकले. शेव्हरोले बंधूंचे फ्रंटेनॅक आणि रॅसीन गावचे राजो ही वरच्या व्हॉल्व्हची हेडही बाजारात आली. यातली शेवटची दोन नावे शर्यतींच्या मैदानावर गाजली, पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे. म्हणजे पहिल्याच दशकात मुभा कुठे वळते हे दिसून आले. एकच गाडी, एकच बोल्टची मांडणी. पण बहुतेकांनी वेग मागितला.

दरम्यान पहिला मार्ग स्वस्तात खुला झाला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९२१मध्ये थॉमस मिजली यांना टेट्राइथिल लेड सापडले आणि १९२३पासून शिसे मिसळलेले पेट्रोल पंपावर आले. चिमूटभर शिशाने नॉकिंग थांबत असेल, तर ज्वलनकक्षाच्या आकाराची डोकेफोड कशाला करायची, असा हा काळ. शिशाने माणसांचे काय केले तो विषय वेगळा आणि काळाकुट्ट आहे. इथे एवढेच महत्त्वाचे की त्याने रेशो चढवायची सोय केली. मिजलीचा वरिष्ठ चार्ल्स केटरिंग हा तर काटकसरीचाच पुरस्कर्ता होता. १९४७ साली त्याने १२.५ रेशोचे प्रायोगिक इंजिन अभियंत्यांपुढे मांडले, ते कमी पेट्रोलात जास्त अंतर कापता येते हे दाखवण्यासाठी. दोनच वर्षांत ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकची नवी व्ही-८ इंजिने बाजारात आली आणि साठच्या दशकापर्यंत १०चा रेशो अमेरिकेत नेहमीचा झाला. पण गाड्या तोवर लांबरुंद आणि जड झाल्या होत्या. केटरिंगने दाखवलेली बचत अश्वशक्तीच्या शर्यतीत खर्ची पडली.

आपल्याकडच्या रस्त्यांवर या इतिहासाची एक शाखा चाळीस-पन्नास वर्षे धावत होती. ॲम्बेसेडर सुरुवातीला शेजारच्या व्हॉल्व्हच्या १,४७६ सीसी इंजिनासह आली आणि लवकरच तिला बीएमसी या ब्रिटिश कंपनीचे १,४८९ सीसीचे वरच्या व्हॉल्व्हचे इंजिन मिळाले. त्या हेडमधला खळगा हृदयाच्या आकाराचा आहे. दोन व्हॉल्व्हमध्ये धातूचे एक टोक आत घुसलेले, त्यामुळे येणारे मिश्रण प्लगकडे वळते. ही हॅरी वेस्लेक या इंग्रज तज्ज्ञाची कल्पना. म्हणजे दादरच्या किंवा लक्ष्मी रोडच्या रहदारीत धूर सोडणाऱ्या ॲम्बेसेडरच्या पोटात त्या काळच्या उत्तम हेडांपैकी एक होते. पण बीएमसी हेच इंजिन दोन रेशोंमध्ये विकत असे, चांगले पेट्रोल मिळणाऱ्या देशांसाठी ८.३ आणि बाकीच्यांसाठी ७.२. कमी ऑक्टेनच्या, म्हणजे लवकर नॉक होणाऱ्या, आपल्या पेट्रोलला कमीचाच रेशो झेपणारा. वेस्लेकच्या हृदयाने दिलेली मुभा आपल्याला पुरती वापरता आली नाही.

सत्तरचे दशक या कथेचा खरा मध्य आहे, कारण त्यात कायद्याने प्रवेश केला. १९७०च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक बसवायचे तर पेट्रोल बिनशिशाचे हवे, आणि बिनशिशाचे पेट्रोल म्हणजे ऑक्टेन कमी. जनरल मोटर्सने १९७१च्या गाड्यांचा रेशो सरसकट खाली आणला. इंजिन तेच, गाडी तीच, फक्त ज्वलनकक्ष मोठा, ॲव्हरेज घसरले. त्यावर ऑक्टोबर १९७३चा तेलाचा भडका. १९७५ साली अमेरिकेतली नवी गाडी सरासरी एका गॅलनमागे १३ मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरमागे साडेपाच किलोमीटर चालत होती. याच वेळी होंडाने हेडमध्ये एक छोटा पूर्वकक्ष कोरला. त्याला स्वतःचा चिमुकला तिसरा व्हॉल्व्ह दिला आणि त्यातून दाट मिश्रण सोडले. मुख्य कक्षात मात्र इतके पातळ मिश्रण की साध्या ठिणगीने ते पेटलेच नसते. पूर्वकक्षात पेटलेली ज्योत मशालीसारखी मुख्य कक्षात घुसून ते पातळ मिश्रण जाळत असे. सीव्हीसीसी नावाचे हे हेड १९७३च्या अखेरीस सिव्हिकवर बसले आणि उत्प्रेरकाशिवाय अमेरिकेची १९७५ची मर्यादा पाळणारे पहिले इंजिन ठरले. हे लहान इंजिनापुरतेच चालेल, असा सूर डेट्रॉइटने लावला. तेव्हा होंडाने १९७३ची एक शेव्हरोले इम्पाला जपानला नेली, तिच्या ३५० घनइंचांच्या व्ही-८ ब्लॉकवर आपली हेड चढवली आणि गाडी ॲन आर्बरच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासणीला ठेवली. ती मर्यादेत बसली. हेड बदलून इंजिनाचे वर्तन बदलता येते याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळेल. मात्र त्या हेडने मिळवलेल्या पातळ मिश्रणाच्या मुभेचा मोठा भाग स्वच्छ धुरावर खर्च झाला, कारण कायद्याने तेच मागितले होते. सिव्हिक काटकसरी होती ती या हेडमुळे, आणि तितकीच हलकी असल्यामुळेही.

या हेडची उलटी बाजू जॅग्वारने दाखवली. स्विस अभियंता मायकेल मे यांनी बहिर्गामी व्हॉल्व्हखाली खोल खड्डा केला, अंतर्गामी व्हॉल्व्ह जवळपास सपाट ठेवला आणि दोघांना जोडणारी एक नाळ काढली. पिस्टन वर येताना मिश्रण त्या नाळेतून भोवऱ्यात फिरत खड्ड्यात जमा होते आणि तेथेच प्लग ठिणगी देतो. १९८१ साली हे हेड ५.३ लिटरच्या बारा सिलिंडरांवर बसले आणि युरोपात रेशो १२.५पर्यंत पोचला, जो त्या काळच्या रस्त्यावरच्या गाडीत अचाट होता. ॲव्हरेज सुधारले, त्यात शंका नाही. पण त्याच वेळी कंपनीने मागच्या ॲक्सलचे गिअरप्रमाणही बदलले होते, त्यामुळे श्रेय एकट्या हेडला देणे योग्य नाही. शिवाय बचतीतून साधले काय, तर तेलटंचाईत बंद पडू पाहणारे अवाढव्य इंजिन १९९७पर्यंत जगले.

आता घराजवळचे उदाहरण, आकुर्डीचे. बजाजने २००३मध्ये पल्सरच्या हेडमध्ये समोरासमोर दोन प्लग बसवले आणि डीटीएस-आय हे नाव घराघरांत पोचवले. एका प्लगची ज्योत खळग्याच्या टोकापर्यंत जायची ती दोन प्लगांमुळे अर्ध्याच वाटेत दुसरीला भेटते. तत्त्व तेच, जलद ज्वलन. कंपनीला या रचनेचे १९५९०४ क्रमांकाचे भारतीय पेटंट मिळाले आणि २००७मध्ये टीव्हीएसच्या फ्लेम या गाडीवरून खटला उभा राहिला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वकिलांनी तिथे काय मांडले यापेक्षा बजाजने त्या दोन प्लगांचे काय केले, हे जास्त बोलके आहे. पल्सरमध्ये त्यांनी ताकद दिली. २००७च्या एक्ससीडी १२५मध्ये त्याच तत्त्वाला भोवऱ्याची जोड देऊन लिटरमागे शंभरावर किलोमीटरची जाहिरात केली. पल्सर आजही धावते. एक्ससीडी लवकरच बाजारातून गेली. ‘ॲव्हरेज किती देते’ हा आपला लाडका प्रश्न खरा, पण पैसे मोजताना आपण दुसरेच काही मोजतो, हे बजाजच्या चाकणच्या कारखान्याला आपल्याआधी कळले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: मोठ्या कंपन्यांना बचत नकोच असते, खरी सुधारणा करणारा एकटा कारागीर त्यांच्यापुढे दडपला जातो. म्हैसूरचे सोमेंदर सिंग यांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांनी हेडच्या सपाट काठावर, म्हणजे रिकार्डोच्या त्या पातळ फटीच्या जागी, प्लगच्या दिशेने चऱ्या कोरल्या. २००१ साली त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले आणि २००४मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्यांच्यावर लेख केला. चऱ्यांमुळे घुसळण वाढेल ही कल्पना वेडगळ मुळीच नाही. ती थेट रिकार्डोच्या वंशातली आहे. पण घुसळण आधीच पुरेशी असलेल्या आधुनिक कक्षात ती आणखी वाढवली, तर ज्योतीची उष्णता धातूलाही जास्त लागते, आणि मिळकतीतला काही भाग तिथेच जातो. दडपशाहीच्या आरोपाला होंडाचे उत्तर पुरेसे आहे. सीव्हीसीसीचा परवाना टोयोटा, फोर्ड, क्रायस्लर आणि इसुझू यांनी पैसे देऊन घेतला. प्रतिस्पर्ध्याचे हेड विकत घेण्याची लाज या धंद्यात कुणाला कधी वाटली नाही. शिवाय १९७०च्या दशकापासून अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली; ठळक बचत करणारे त्यात एकही सापडले नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे आणि तो गॅरेजमधून येतो. हेडचे काम केल्यावर गाडी खरोखर जास्त चालते, हा मेस्त्रींचा अनुभव खोटा कसा म्हणायचा? खोटा नाहीच. हेड उतरवले की मेस्त्री कार्बन खरवडतो, व्हॉल्व्ह घासून बसवतो, नवे गॅस्केट टाकतो, टॅपेट आणि टायमिंग लावतो. गळके इंजिन मूळ अवस्थेत येते, आणि वाढलेला आकडा त्याचाच असतो. नुसत्या हेड घासण्याचा वाटा वेगळा काढून पाहू. ॲम्बेसेडरच्या एका सिलिंडरचे आकारमान ३७२ सीसी, रेशो ७.२, म्हणजे वर उरणारी जागा ६० सीसी. खळग्याचे तोंड ३५ चौरस सेंटिमीटर धरले आणि लेथवर हेडचा तब्बल १ मिलिमीटर थर काढला, तर जागा साडेतीन सीसीने कमी होते आणि रेशो ७.६च्या जवळ जातो. ऑटोच्या गणितात याचा लाभ पावणेदोन टक्के. टाकी फुल्ल करून काढलेल्या ॲव्हरेजमध्ये एवढा फरक दिसतच नाही. दहा लिटर भरताना पातळीत पाव लिटर इकडेतिकडे झाले तरी अडीच टक्के चूक होते, आणि चाकातली हवा व सिग्नलवरचा वेळ अजून धरलेलाच नाही. म्हणून पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने चालवून मोजतात. आणि समजा हेड बरेच घासले, तर साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करू लागते. मग मेस्त्री टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. एका हाताने मिळवलेली मुभा दुसऱ्या हाताने परत.

मग हेडचे महत्त्व नाहीच का? तसे म्हणणे चूक ठरेल. माझदाने २०११मध्ये साध्या पेट्रोलवर १४चा रेशो गाठला आणि त्यात कक्षाचा, पिस्टनमधल्या खोबणीचा आणि धुराड्याच्या लांब नळ्यांचा एकत्र हिशेब होता. टोयोटाच्या २.५ लिटरच्या नव्या इंजिनाने ४० टक्क्यांच्या औष्णिक कार्यक्षमतेचा पल्ला गाठला. हेडमध्ये अंतर्गामी वाट सरळ ठेवता यावी म्हणून व्हॉल्व्हच्या बैठका तिथे लेसरने चढवलेल्या आहेत. शंभर वर्षांची कमाई खरी आहे. फक्त ती कुणाच्या खिशात गेली ते पाहायला हवे. क्रिस्टोफर निटेल या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकी गाड्यांचा १९८०पासून २००६पर्यंतचा हिशेब मांडला. या काळात ॲव्हरेज वाढले जेमतेम १५ टक्के. गाड्यांचे वजन आणि ताकद १९८०च्या पातळीवर ठेवली असती, तर ते ६० टक्क्यांच्या आसपास वाढू शकले असते. इंजिन बनवणाऱ्यांनी आपले काम केले होते. बचत एसयूव्हीच्या पत्र्यात गेली.

आज हाच हिशेब आपल्या पंपावर मांडला जातोय. इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलचे ऑक्टेन ९५ आहे, जुन्या साध्या पेट्रोलचे ९१ होते. इथेनॉल जास्त कॉम्प्रेशन सोसते हे रिकार्डोने शोरहॅमला मोजले होते. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांतून निघणारे हे इंधन म्हणजे जास्त रेशोची आयती मुभा. पण त्याच्या एका लिटरमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या रेशोचे हेड असलेल्या गाडीत मुभा वाया जाते आणि तोटा तेवढा पदरी पडतो. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी हा तोटा ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के धरलेला आहे. नव्या रचनेच्या चारचाकींत तो १ ते २ टक्क्यांवर येतो. नॉक सेन्सर असलेली गाडी टायमिंग पुढे घेऊन थोडी भरपाई करते, पण खळगा तेवढाच राहतो. जुन्या गाडीचे हेड घासून हा फरक भरून काढायला जाऊ नये. वर मांडलेले पावणेदोन टक्क्यांचे गणित त्याला पुरेसे उत्तर आहे. नवी गाडी घेणाऱ्याने मात्र शोरूममध्ये ॲव्हरेज विचारताना कॉम्प्रेशन रेशोही विचारावा. विक्रेत्याला तो ठाऊक नसेल, तर तपशीलाचे पत्रक मागून घ्यावे.